पाणमांजराचा वाटा

गळाला डोकं आलं, धड आलं नाही.

भुसारी साहेबांनी चक्री फिरवून फिरवून, घाम गाळून जवळ आणलेली कतला डोंग्याच्या काठाशी लोंबत होती. म्हणजे तिचं तोंड, डोळे आणि कल्ले लोंबत होते. मागचं सगळं कुणीतरी सफाईने तोडून नेलं होतं. आणि तो कुणीतरी लांब पळालाही नव्हता. हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावर एक चपटं, काळपट, मिशाळ तोंड पाण्यातून वर आलं आणि दोन्ही पंजांत मांसाचा लगदा धरून कचाकचा चावत साहेबांकडे बघत राहिलं.

“पुन्हा,” भुसारी म्हणाले. “लच्छू, तुझे हे सोयरे मला दाखवून दाखवून खातात रे.”

मागे वल्हं धरून बसलेला लच्छू हसला नाही. हसायचे दिवस दिवाळीलाच संपले होते. त्याने वल्हं दाबून डोंगा फिरवला, तर पाणमांजरांचं टोळकंही डोंग्याबरोबर फिरलं. नर, मादी आणि अर्धवट वाढलेली पिलं. काही या अंगाला, काही त्या अंगाला, शिट्ट्या मारत, वरातीपुढे पोरं नाचत चालतात तशी. त्या शिट्ट्या ऐकल्या की तलावातला मासा शेवाळात, गाळात, जिथे जागा मिळेल तिथे घुसायचा आणि बाहेर यायचं नाव घ्यायचा नाही. चुकून एखादा गळाला लागलाच तर तो भुसारींपर्यंत पोचायच्या आत पाणमांजरांपर्यंत पोचायचा.

“मी नागपूरहून इतक्या लांब काय यांना जेवू घालायला येतो?” भुसारींनी विचारलं. लच्छूच्या तोंडाशी ‘हाव’, म्हणजे ‘हो’, आलं होतं; ते त्याने गिळलं.

भुसारी निवृत्त इंजिनिअर. वाईट माणूस नव्हे. डोंग्यात चढताना लच्छूचा हात धरायचे, डब्यातली पोळी अर्धी करून द्यायचे. त्यांना मासे पकडायचा नाद होता. खायचा नव्हे, पकडायचा. मासा पकडायचा, तराजूला लटकवायचा, छातीशी धरून फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. असे नादिष्ट लोक नागपुरात, रायपुरात पुष्कळ आहेत हे हिरडटोल्याला ठाऊक नव्हतं. रिसॉर्ट आलं तेव्हा कळलं.

हिरडटोला कुरखेड्याहून आत, जंगलाच्या पोटात. मालगुजारांच्या काळातला तलाव, त्याच्या बांधावर, पाळीवर, मोहाची झाडं, पलीकडच्या काठाला लागून सरकारी जंगल, आणि एका कोपऱ्यातून नदीकडे उतरणारा नाला. टोल्यावर, म्हणजे त्या वाडीवर, काही घरं गोंडांची, बाकी मासेमारी करणाऱ्या ढीवरांची. गोंडांना धान आणि जंगल. ढीवरांना तलाव, दुसरं काही नाही. मासोळीचा हक्क त्यांच्या संस्थेचा, आणि संस्थेचा अध्यक्ष मंगरू, लच्छूचा चुलतभाऊ. पाळीच्या या टोकाला नागपूरच्या एका बिल्डरने रिसॉर्ट बांधलं आणि पाहुण्यांना गळ टाकायची परवानगी मागितली, तेव्हा संस्थेची सभा मोहाखाली बसली.

त्या सभेत लच्छूच पुढे झाला होता. मासे सोडून देणार आहेत, मग आपलं जातं काय? डोंगा हाकायचं काम मिळेल. त्यांच्या भटारखान्यात आपली मासोळी जाईल, बायांना बाजारापर्यंत टोपली वाहायला नको. असं तो बराच वेळ बोलला, आणि बोलणाऱ्याचं लोक ऐकतात.

“पकडाची, फोटो काढाचा अन सोडून द्याची?” त्याच्या बायकोने, कुंताने, भर सभेत विचारलं होतं. “मंग पकडाची काऊन? फोटोच पाह्यजे तं माजा काढा म्हना, मी तं पाण्याच्या भायेरच हावो.”

सगळे हसले. मंगरू हसला नाही. “लच्छू,” तो म्हणाला, “हा तलाव गेला तं टोल्यावर चूल नाई पेटाची. तू मनतस म्हून हाव मनतो. पन काई झालं तं तुलेच इचारीन.”

लच्छूने मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

पाणमांजरं तेव्हाही होतीच. नाल्यातून वर चढायची, महिना-दोन महिने राहायची, परत नदीत उतरायची. ढीवरांचा आणि त्यांचा जुना व्यवहार होता. पावसाळ्यानंतरचं पहिलं जाळं ओढलं की त्यातला एक चांगला मासा नाल्याच्या तोंडाशी असलेल्या खडकावर ठेवायचा आणि मागे न बघता परतायचं. तो पाणमांजराचा वाटा. त्यात पूजा नाही, नारळ नाही, तोंडाने काही म्हणणं नाही. शेजाऱ्याच्या घरी नव्या धानाची पायली पाठवावी, तसं. मात्र एक गोष्ट टोल्यावरचं शेंबडं पोरही जाणायचं: वाटा द्यायचा तो जमिनीवरून. डोंग्यावरून नाही आणि हाताने तर नाहीच नाही. का, ते कुणी सांगत नव्हतं. लच्छूच्या बापाने त्याला सांगितलं नव्हतं, बापाच्या बापाने बापाला सांगितलं नसेल.

गेल्या हिवाळ्यात एक कुटुंब आलं होतं. बाप सकाळपासून गळ टाकून बसलेला, मासा लागत नाही. आई कंटाळून मोबाईलमध्ये. लहान पोरगी रडकुंडीला आलेली. त्यात पाणमांजरं आली, म्हणजे मासा आणखी दबला. लच्छूला वाटलं, यांना यांचा वाटा दिला की ही जातील. टोल्यावर देतात आणि जातातच की. डोंग्याच्या तळाला घरच्या कालवणासाठी ठेवलेली रोहूची पोरं होती. त्यातलं एक उचलून त्याने पाण्यात फेकलं.

मादीने ते वरच्या वर झेललं. पोरगी टाळ्या पिटायला लागली. आईने मोबाईल वर उचलला. पाणमांजरं मासा घेऊन खरंच गेली, आणि थोड्या वेळाने त्या बापाच्या गळाला एक मरळही लागली. लच्छूने हिशेब बांधला: वाटा दिला, त्रास टळला. खडकावर ठेवा की डोंग्यावरून टाका, देणं ते देणंच.

इथेच त्याची चूक झाली. आणि ती तो एकटाच करू शकत होता. नागपूरच्या माणसाला पाणमांजराला वाटा असतो हेच माहीत नसतं. तो कुठून चुकणार?

तो व्हिडिओ कुठे कुठे गेला. पाहुणे येऊन विचारू लागले, ते मासा झेलणारं मांजर कुठे आहे? रिसॉर्टचा मॅनेजर अमर म्हणजे भंडाऱ्याकडचा तरुण पोरगा, मालकाचा फोन वाजला की उभा राहून बोलणारा. तो म्हणाला, लच्छूभाऊ, रोज दाखवा. लच्छू रोज दाखवू लागला. पाणमांजरं नदीला उतरायची विसरली. मादी तिथेच व्याली आणि पिलांना शिकार शिकवायच्या ऐवजी डोंगा शिकवला. पुढे लच्छूने मासा फेकायचीही गरज राहिली नाही. डोंग्यातून दोरी पाण्यात गेली की तिच्या टोकाला जेवण असतं, एवढं त्यांना कळलं होतं. गळावरचा मासा पळू शकत नाही. त्याच्याइतकं सोपं खाणं नदीत कुठे मिळणार?

मग जाळ्यांकडेही वळली. सकाळी जाळं ओढावं तर फाटलेलं, मासे अर्धे चावलेले. बाया लच्छूच्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्याने बोलायच्या की लच्छ्याच्या घरी पानमांजरं पंगतीले बसवतेत, आमची पोरं उपाशी राह्यली तं राह्यली. कुंता आतून भांडी आपटायची. बोलायची मात्र नाही, कारण बाया खोटं बोलत नव्हत्या.

कतलेचं डोकं निघालं त्या संध्याकाळी अमर काठावर वाट बघत उभा होता. भुसारी तणतणत खोलीकडे गेले आणि अमरने लच्छूला बाजूला घेतलं. पाहुणे आता तक्रारी लिहितात, मालक शिव्या देतो, असं सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, काहीही करा आणि ही जनावरं हाकला.

“तुमीच मनत होते, रोज दाखव,” लच्छू म्हणाला.

“पाहुण्यांना दाखवा म्हटलं होतं. पाहुण्यांचा मासा खाऊ घाला म्हटलं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भुसारींनी नवा गळ काढला. तीन तोंडांचा, चकचकीत, प्रत्येक तोंडाला उलटा काटा. एरवी ते सांगायचे, आम्ही काट्याचा गळ वापरत नाही, माशाला इजा होते. आज त्याला त्यांनी जिवंत रोहूचं पोर टोचलं.

लच्छूने वल्हं थांबवलं. “साहेब, हा नका टाकू. मादी पुढंच हाय.”

“खाली मरळ आहे. मोठी. काल मी पाहिली.”

“मरळ शेवाळात गेली, साहेब. आता जे येईन ते तेच येईन.”

भुसारींनी त्याच्याकडे पाहिलं आणि गळ टाकला. दोरी क्षणभर ढिली राहिली, मग अशी सुटली की चक्री ओरडली. साहेबांचं तोंड उजळलं. दोन्ही पाय रोवून ते मागे झुकले आणि म्हणाले, बाप रे, काय दम आहे. एका हाताने त्यांनी छातीवरचा कॅमेरा चालू केला.

लच्छूने दोरीकडे पाहिलं. मासा खाली जातो, गाळ शोधतो. ही दोरी खाली गेली, वळली आणि वर आली. श्वासाला वर आली. लांबवर मादीचं डोकं निघालं आणि तिने जो आवाज काढला तो शिट्टीचा नव्हता. पाळण्यातलं लेकरू दुधाच्या वेळी रडतं तसा होता. पिलं तिच्या भोवती गरगर फिरू लागली. भुसारी चक्री फिरवत होते. आपल्या काठीच्या टोकाला काय आहे हे त्यांना कळलं होतं की नाही, ते त्यांचं त्यांना ठाऊक. कळलं असावं, असं मी म्हणतो. कारण आवाज ऐकूनही हात थांबला नाही.

“सोडा,” लच्छू म्हणाला. मग पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा बोलण्याऐवजी त्याने शेवाळ कापायचा विळा उचलला आणि काठीच्या टोकाशी दोरी तोडली.

भुसारी मागच्या मागे बसले.

“परत ने,” भुसारी म्हणाले. उतरताना त्यांनी लच्छूचा हात धरला नाही. दुपारी ते नागपूरला निघून गेले.

मादी मोकळी झाली, असं लच्छूने स्वतःला सांगितलं. पण दोरी तोडली होती काठीच्या टोकाशी. जबड्यात तीन तोंडांचा गळ आणि मागे ती लांबलचक, न कुजणारी, न दिसणारी दोरी घेऊन ती तलावभर फिरत होती. पुढचे दिवस तो डोंगा घेऊन एकटाच तिला शोधायचा. नर दिसायचा, पिलं दिसायची. डोंगा दिसला की पिलं धावत यायची.

ती सापडली संस्थेच्या जाळ्यात. पहाटेचं धुकं उठत होतं. मंगरू आणि लच्छू जाळं ओढत होते, ते जड लागलं. मागची दोरी जाळ्याच्या भोकांत अडकून, पीळ बसून, तिला वर येताच आलं नव्हतं. पाण्यात वाढलेलं जनावर पाण्यात गुदमरून मेलं होतं. अंग रोड झालं होतं आणि तोंड सुजून एका बाजूला वळलं होतं.

मंगरू इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला की नाल्याच्या अंगाला गाडून टाकू, कुणी पाह्यलं नाई.

लच्छूने मादीचं तोंड उघडून आत बोट फिरवलं. गळ होता. “नाई, मंगरू. हे पाह्य. असा गळ आपल्या टोल्यात कोनाकडे हाय? हे तिच्या तोंडातच लिवलेलं हाय. आपन लपवलं तं आपन चोर. दाखवलं तं त्याहिचा गळ बंद होईन, आपलं जाळं राहीन.”

“सरकारले दाखवाले चाललास तू?”

“रंजीतालेच बलावतो. आपली पोरगी हाय.”

मंगरूने जाळं हातातून सोडून दिलं. “पह्यले पाहुन्यावर भरोसा ठेवला, आता सरकारवर ठेव. तुले कोनी ना कोनी लागतेच गा, भरोसा ठेवाले.”

रंजीता टोल्यावरच्या गोंड घरातली, वनरक्षक. तिने मादीला पाहिलं, गळ पाहिला. मग म्हणाली, “लच्छूमामा, आता मले वर कळवा लागन. पह्यले इचारून तरी पाहाचं होतं मले.”

दुपारपर्यंत पाळीवर गाड्या लागल्या. वनखात्याचे साहेब आले. निळ्या ताडपत्रीवर मादी ठेवली होती. टोला सगळा मोहाखाली जमला, रिसॉर्टच्या बाजूने अमर आला, सोबत एक वकील आला. लच्छूने सगळं सांगितलं. भुसारींचा गळ, तिचं ओरडणं, विळ्याने तोडलेली दोरी. डोंग्यावरून मासे टाकायची सवय कुणी लावली तेही सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी. साहेबांनी शांतपणे ऐकलं.

मग त्यांनी विचारलं, मेलं कशाने? बुडून. बुडालं कशात? जाळ्यात. जाळं कुणाचं?

“सर, तोंडातला गळ गावातला नाही,” रंजीता म्हणाली. “इथले लोक असा गळ वापरत नाहीत.”

“मी विचारल्यावर बोला,” साहेब म्हणाले.

अमर ताडपत्रीकडे न बघता म्हणाला की आमचे पाहुणे मासा परत सोडून देणारे लोक आहेत, त्यांच्या गळाला काटाच नसतो. हे रिसॉर्टच्या नियमात छापलेलं आहे. वकिलाने मान डोलावली. लच्छू अमरकडे बघत होता. त्या पोराच्या कानशिलावरून घाम निथळत होता. त्याला नोकरी होती, आणि भंडाऱ्याला आई असेल. असेल बापडी. म्हणून काय इथल्यांच्या आया कमी झाल्या?

भुसारींना बोलवा, त्यांच्या कॅमेऱ्यात सगळं आहे, लच्छू म्हणाला. साहेब म्हणाले, बघू.

निकाल लागला तो असा. जनावर संरक्षित. पिलं अजून तलावात. तेव्हा पुढचा हुकूम होईपर्यंत या पाण्यात कुणीही मासा पकडायचा नाही. साहेबांनी आवाज चढवला नाही. “कोणावर अन्याय नको. गळही बंद, जाळंही बंद. दोघांना सारखंच.”

सारखंच! सारखंच म्हणजे कसं, तेही सांगतो. भुसारींनी पुढच्या रविवारी दुसऱ्या तलावावर काठी लावली असेल. महाराष्ट्रात तलावांना काय तोटा? आणि हिरडटोल्याच्या ढीवरांनी जाळी गोळा करून घरात आढ्याला टांगली. एकाचा रविवार गेला, दुसऱ्याचं पोट गेलं, आणि दोन्ही एकाच सहीने गेलं. हा हुकूम लिहिणाऱ्याला त्यात काही खटकलं असेल असं वाटत नाही. त्याला खरंच वाटलं असेल की आपण न्याय केला.

मंगरू लच्छूला काही विचारायला आला नाही. विचारीन म्हणाला होता. आला असता, चार शिव्या देऊन गेला असता, तर लच्छूला बरं वाटलं असतं. पण तो रस्त्यात भेटला की झाडाकडे बघत जायचा. पोट्टे रस्त्याच्या कामावर गेले, काही तेलंगणात मिरची तोडायला गेले. कुंता बाजाराच्या दिवशी सवयीने कुरखेड्याला गेली. तिच्या बसायच्या जागेवर आंध्राची बर्फातली मासोळी घेऊन दुसराच माणूस बसला होता. तिची नेहमीची गिऱ्हाइकं त्याच्याकडून घेत होती. ती बाजारभर फिरली, मीठ घेतलं आणि परत आली.

रिसॉर्टने फाटकावर नवा फलक लावला. गळाचं चित्र काढून टाकलं होतं. त्या जागी मासा झेलणारं पाणमांजर. त्यावर बंदी नव्हती, कारण त्यात मासा पकडायचा नव्हता, फक्त टाकायचा होता. अमर लच्छूच्या दारात आला. डोळ्याला डोळा न देता म्हणाला की ती पिलं दुसऱ्या कुणाच्या बोटीजवळ येत नाहीत, तुमच्या डोंग्याजवळच येतात, तर तुम्हीच या.

लच्छू घरात वळला. कुंता तांदळाच्या मडक्यात हात घालून तळ चाचपत होती. तो अमरबरोबर निघाला.

डोंग्याला दोन्ही बाजूंनी पिवळे फुगे बांधले होते. लच्छूला नारिंगी जाकीट घातलं होतं. समोर नवरा, बायको आणि त्यांचे म्हातारे आईबाप बसले होते, मोबाईल तयार धरून. पायाशी बादली, बादलीत बर्फातले मासे. ढीवराच्या डोंग्यात, ढीवराच्या तलावावर, दुकानातून आणलेले मासे.

मध्यावर पोचले न पोचले तोच शिट्ट्या ऐकू आल्या. पिलं आली. एकाने पुढचे दोन्ही पंजे डोंग्याच्या काठावर ठेवले आणि तोंड वर करून लच्छूच्या हाताकडे पाहिलं. बाई म्हणाली, अगं बाई, कसं बघतंय. तिचा नवरा म्हणाला, “काका, टाका ना.”

लच्छूने बादलीला हात लावला नाही. त्याला पिलाचा जबडा दिसत होता, आतला गुलाबी, अजून धड असलेला. हा हुकूम आज ना उद्या उठेल. जाळ्यावरचा उठेल न उठेल, गळावरचा आधी उठेल. मग दोऱ्या येतील आणि हे असंच धावत जाईल.

त्याने वल्हं उचललं आणि चपटं करून पाण्यावर आपटलं. पाणी सगळ्यांच्या अंगावर उडालं. पिलं बुडी मारून लांब निघाली, आणि खेळ समजून परत आली. त्याने पुन्हा आपटलं. ती पुन्हा आली. म्हातारी म्हणाली, अहो, हे काय करताय? लच्छू उभा राहिला. डोंगा डुलला. त्याने वल्हं डोक्यावर नेलं आणि या वेळी ते पाण्यावर नाही, पिलाच्या पाठीवर बसलं.

ते ओरडलं. त्याच्या आईसारखंच.

टोळकं पांगलं. नाल्याच्या अंगाला, शेवाळाच्या पलीकडे जाऊन डोकी वर काढून उभी राहिली. कुणी शिट्टी मारली नाही. लच्छू वल्हं उगारून तसाच उभा होता, छाती वरखाली होत होती. नवरा सगळं मोबाईलमध्ये घेत होता.

काठावर अमर धावत आला. पाहुणे सगळे एकदम बोलत होते, जनावराला मारलं, तक्रार करू, वगैरे. लच्छूने जाकीट काढून घडी केली, खुर्चीवर ठेवलं.

“लच्छूभाऊ, उद्यापासून...” अमर म्हणाला आणि थांबला.

“हाव,” लच्छू म्हणाला. त्याने डोंग्यातली बादली उचलली आणि चालू लागला. अमरने त्याला हाक मारली नाही.

घरी कुंताने बादलीत पाहिलं. कल्ले पांढरे पडलेले, डोळे आत गेलेले.

“कुठची हाय?”

“पानमांजराची.”

तिने बादली चुलीजवळ ओढली. मग विळी घेऊन बसली. बोटं बर्फाने आखडत होती, ती पदराला पुसून पुन्हा कापायला लागायची. तिने तिखट जास्त घातलं, लसूण जास्त घातला, तरी तो शिळा, बर्फाच्या पेटीतला वास जाता जाईना. दिवस मावळायच्या आत दोघं जेवायला बसली.

नाल्याच्या बाजूने एक शिट्टी ऐकू आली. मग आणखी एक. कुंताने हात थांबवून नवऱ्याकडे पाहिलं. लच्छूने मान वर केली नाही. त्याने तोंडातला काटा काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि पुढचा घास घेतला.